शेवाळातली रंगद्रव्यं आणि डोळ्यांचं आरोग्य: कोल्हापुरातल्या आमच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली एकोणीस वर्षं मी कोल्हापुरात औषधांचं दुकान चालवते. पूर्वी डोळ्यांसाठी लोक थेंब मागायचे, फार तर 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या. आता मोबाइलवरची जाहिरात पुढं करून विचारतात, "ताई, ही शेवाळाची गोळी तुमच्याकडं मिळेल का?" मिळते. पण कुणाला द्यायची आणि कुणाला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवायचं, हे ठरवायला काउंटरवरची दोन मिनिटं पुरत नाहीत. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं सविस्तर लिहून ठेवते आहे.

हे शेवाळ म्हणजे रंकाळ्यात असतं तेच का?

नाही, आणि ते तोंडात घालायचंही नाही. साचलेल्या, सांडपाणी मिसळलेल्या तळ्यावर जो हिरवा तवंग येतो, त्यात मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शेवाळं असू शकतात. ती यकृताला घातक असं विष तयार करतात. पाणी उकळलं तरी ते विष जात नाही.

गोळ्या-कॅप्सूलमध्ये येणारी शेवाळं मोजकी आहेत आणि ती मुद्दाम वाढवलेली असतात. स्पिरुलिना सगळ्यांना माहीत आहे. शास्त्राच्या हिशोबानं ते शेवाळ नसून प्रकाशावर जगणारा जिवाणू आहे, पण बाजारात त्याला शेवाळच म्हणतात. क्लोरेला हिरवंगार, गोड्या पाण्यातलं. हिमॅटोकॉकस नावाच्या शेवाळातून लाल रंगाचं ॲस्टाझँथिन मिळतं. ड्युनॅलिएला मिठागरासारख्या खारट पाण्यात वाढतं आणि त्यातून बीटा-कॅरोटीन काढतात.

रंगाचा आणि नजरेचा काय संबंध?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. त्याच्या मधोमध पाच-साडेपाच मिलिमीटर रुंदीचा एक पिवळसर ठिपका असतो, त्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही सगळी बारीक कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. हुपरीत चांदीच्या पैंजणाची कडी जोडताना कारागीर जिथं नजर लावतो, ते चित्र या ठिपक्यावर पडतं.

हा ठिपका पिवळा दिसतो तो ल्युटीन आणि झिआझँथिन या दोन रंगद्रव्यांमुळं. तिसरं एक आहे, मेझो-झिआझँथिन. ते डोळा स्वतः ल्युटीनपासून बनवतो. पहिली दोन मात्र आपलं शरीर तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. त्यांचं काम दुहेरी आहे. प्रकाशातला निळा भाग, साधारण ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा, ती पडद्यावर पोचण्याआधी बराचसा शोषून घेतात. आणि प्रकाश व ऑक्सिजन यांच्या माऱ्यानं पेशींना जाळणारे जे कण तयार होतात, त्यांना निष्प्रभ करतात.

वनस्पती आणि शेवाळंही हे रंग स्वतःसाठीच बनवतात, कडक उन्हापासून बचाव म्हणून. आपण भाजी खातो तेव्हा त्यांची ही छत्री आयती आपल्या डोळ्यात येते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा पालकाच्या जुडीकडं बघायची माझी नजरच बदलली.

मग गोळी घेतली की नजर सुधारते?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

वय वाढलं की काही जणांचा मॅक्युला झिजतो. मधली नजर पुसट होत जाते, कडेची राहते. या आजारावर अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनं दोन मोठे अभ्यास केले. पहिल्याचा निकाल २००१ मध्ये आला. त्यात 'क' आणि 'ई' जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबं असं मिश्रण दिलं होतं. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यावर होता किंवा एका डोळ्यात पुढं गेला होता, त्यांच्यात तो शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. दुसरा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५० ते ८५ वयाची ४,२०३ माणसं होती, आणि ल्युटीन १० मिलिग्रॅम व झिआझँथिन २ मिलिग्रॅम घातल्यानं काय होतं ते पाहिलं. जुन्या मिश्रणात या दोघांची नुसती भर घातली तर एकूण गटात जास्तीचा फायदा दिसला नाही. पण बीटा-कॅरोटीन काढून त्याच्या जागी हे दोन घातले, तर मिश्रण तितकंच किंवा थोडं जास्त उपयोगी आणि अधिक सुरक्षित ठरलं. आज डॉक्टर जी डोळ्यांची गोळी लिहून देतात, तिचा पाया हाच आहे.

आता यातून काय निघतं ते बघा. ही गोळी आजार बरा करत नाही, पुढं सरकण्याचा वेग कमी करते. गेलेली नजर परत येत नाही. ज्यांचा मॅक्युला ठणठणीत आहे त्यांना ती घेऊन आजार टळतो, असं या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची गरजही ल्युटीन-झिआझँथिननं एकूण गटात कमी झाली नाही. आणि डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटून पाणी किंवा रक्त झिरपायला लागलं असेल, तर त्यावर डोळ्यात द्यायचं इंजेक्शन हाच उपचार आहे. तिथं दर आठवडा महत्त्वाचा असतो, गोळी घेऊन वाट बघायची नाही.

म्हणून कुणी मागितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डोळ्यात थेंब घालून पडदा तपासलाय का?" दहातले सात जण नाही म्हणतात. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं आपल्याकडं धरून चालतात.

गोळीतलं ल्युटीन शेवाळाचं असतं का?

बहुतेक वेळा नसतं. ते झेंडूचं असतं! दसऱ्याला आपण दाराला जी तोरणं बांधतो, त्या मोठ्या नारिंगी-पिवळ्या झेंडूच्या पाकळ्या वाळवून त्यांचा अर्क काढतात. जगातलं बहुतेक विक्रीचं ल्युटीन याच फुलातून येतं आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे.

क्लोरेला आणि काही दुसऱ्या हिरव्या शेवाळांत ल्युटीन भरपूर असतं. शेवाळ वर्षभर, कमी जागेत वाढवता येतं म्हणून त्यावर संशोधन जोरात चालू आहे. पण झेंडूतलं असो की शेवाळातलं, रेणू तोच. डोळ्याला त्यातला फरक कळत नाही. डबीवर हिरवा ठिपका आणि 'समुद्री शेवाळयुक्त' असं छापून दुप्पट किंमत लावली असेल, तर ते दुप्पट पैसे तुम्ही छपाईचे देता आहात.

लाल कॅप्सूल येते, ॲस्टाझँथिनची. तिचं काय?

पावसाळ्यात नदीचे खेकडे घरी आणले की लहान मुलं एक गोष्ट हमखास विचारतात: काळपट खेकडा हंडीत गेल्यावर लाल कसा होतो? कोळंबीचंही तसंच. त्यांच्या कवचात ॲस्टाझँथिन आधीपासूनच असतं, पण ते एका प्रथिनाला जखडलेलं असतं आणि तेव्हा गडद, निळसर दिसतं. उष्णतेनं प्रथिनाची घडी मोडते आणि खरा लाल रंग मोकळा होतो.

हा रंग मुळात शेवाळ बनवतं. हिमॅटोकॉकस एरवी हिरवं असतं. पाण्यातलं नत्र संपलं, ऊन कडक झालं की ते जाड भिंतीची पेशी करून आत लाल रंग साठवायला लागतं. वाळवलेल्या शेवाळाच्या वजनात तीन-चार टक्क्यांपर्यंत हा रंग भरतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी गुलाबी दिसतात तेही खाण्यातल्या अशाच रंगांमुळं.

दुकानात मी एकदा मुदत संपलेली कॅप्सूल पांढऱ्या बशीत कापून दाखवली होती. मोहरीएवढा थेंब पडला, जवळजवळ काळा. काडीनं पसरला तसा आधी विटकरी, मग केशरी झाला. बशीचा डाग साबणानं निघेना, शेवटी खोबरेल तेलानं निघाला. हे द्रव्य पाण्यात नाही, तेलात विरघळतं, हे त्या बशीनं सगळ्यांना समजावलं. म्हणूनच ही कॅप्सूल रिकाम्या पोटी घेऊन उपयोग नाही, जेवणानंतर घ्यायची.

आता गुण. थकलेले, ताणलेले डोळे, जवळचं-लांबचं बघताना होणारा त्रास, यावर जपानमध्ये काही छोटे अभ्यास झाले आणि त्यांत थोडा आराम दिसला. पण मॅक्युलाच्या आजारावर ल्युटीनसारखा मोठा, वर्षानुवर्षं चाललेला पुरावा ॲस्टाझँथिनकडं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी रोज ८ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित मानली आहे. कुणाला घ्यायचीच असेल तर मी त्या मर्यादेत देते. मात्र "चष्मा जाईल" म्हणून मागितली तर परत पाठवते.

स्पिरुलिना डोळ्याला चांगली का? तालमीतली पोरंही घेतात.

स्पिरुलिनात बीटा-कॅरोटीन आणि झिआझँथिन असतं, ल्युटीन नगण्य. बीटा-कॅरोटीनपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं, आणि अंधुक उजेडात दिसण्यासाठी पडद्यातलं जे द्रव्य लागतं त्याचा तो कच्चा माल. पडद्यात 'अ' जीवनसत्त्व असतं हे जॉर्ज वाल्ड यांनी १९३३ मध्ये शोधलं आणि १९६७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा ज्याला खरोखर 'अ' ची कमतरता आहे, त्याला रातांधळेपणात बीटा-कॅरोटीनचा फायदा होतो. पण लहान मुलाला संध्याकाळी दिसत नसेल, तो चाचपडत चालत असेल, तर शेवाळाची पूड शोधू नका. सरळ आरोग्य केंद्रात न्या. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देण्याची सरकारी योजना आपल्या देशात १९७० पासून आहे. नवव्या महिन्यात एक लाख युनिट आणि पुढं दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. गोवराच्या लसीबरोबरचा तो पहिला चमचा चुकवू नका.

स्पिरुलिनातला निळा रंग, फायकोसायनिन, यावर प्रयोगशाळेत काम चालू आहे. माणसाच्या डोळ्यासाठी त्याच्या जिवावर काही सांगावं असं अजून हाती नाही. तो उष्णतेनं खराब होतो, त्यामुळं गरम दुधात पूड ढवळली तर तेही जातं.

पैलवान पोरांसाठी साधा हिशोब: स्पिरुलिनात प्रथिनं साठ टक्क्यांच्या आसपास, हे खरं. पण अर्ध्या ग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे दोन ग्रॅम, त्यात प्रथिनं सव्वा ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वर अंड्याच्या पिवळ्या बलकात ल्युटीन-झिआझँथिन असतं, प्रमाण थोडं पण बलकातल्या स्निग्धांशामुळं अंगी चांगलं लागतं. बलक काढून टाकणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगते.

मी विडी ओढतो. मला चालेल का?

ल्युटीन-झिआझँथिन चालेल. बीटा-कॅरोटीनचा मोठा डोस अजिबात चालणार नाही. इथं मी कुणाचंही ऐकत नाही.

फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक अभ्यास झाला. कल्पना अशी होती की बीटा-कॅरोटीन कॅन्सरपासून वाचवेल. रोज २० मिलिग्रॅम दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तो उलटा: घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा अभ्यास १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. डोळ्यांच्या मिश्रणातून बीटा-कॅरोटीन काढलं गेलं ते याच कारणानं. आणि आता सोडली म्हणून निश्चिंत होऊ नका, पूर्वी ओढणाऱ्यांनाही हाच नियम लावतात.

आपल्या भागात निपाणीच्या बाजूला तंबाखूची शेती, इकडं विडी, मिश्री, मळून खाणं, घरोघरी आहे. गाजरातलं, भाजीतलं बीटा-कॅरोटीन घाबरण्यासारखं नाही. प्रश्न गोळीतल्या साठ्याचा आहे. जुन्या पद्धतीच्या काही मिश्रणांत ते अजून सापडतं, म्हणून डबी उलटी करून घटक वाचा. धूम्रपानानं मॅक्युला झिजण्याचा धोका दुपटीनं किंवा त्याहून जास्त वाढतो. ल्युटीनची महिन्याची डबी घेणाऱ्या माणसाच्या खिशात विडीचं बंडल दिसलं की मला फार वाईट वाटतं. विडी सुटली तर डोळ्याला जो फायदा होईल, तो कुठल्याही रंगद्रव्यानं होणार नाही.

शेवाळाच्या गोळीनं मोतीबिंदू विरघळतो का?

नाही. मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणं, आणि ते गोळीनं स्वच्छ होत नाही. उपाय ऑपरेशनचाच. देशात २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, सुमारे ६६ टक्के. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांच्या ऑपरेशननं ज्यांना दिसलं असतं, अशी माणसं अंधारात बसून आहेत.

या प्रश्नावर मला माझ्या घरातलं सांगावंच लागेल. माझी आत्ती कागल तालुक्यात राहते. चार वर्षांपूर्वी तिला डाव्या बाजूनं येणारी गाडी दिसेनाशी झाली. उंबऱ्याला ठेचा लागायच्या, ताटाच्या डाव्या कडेची चटणी तशीच राहायची. गावात एक विक्रेता बायकांची बैठक घेऊन गेला. शेवाळाच्या गोळ्या, "मोतीबिंदू विरघळतो, ऑपरेशन टळतं." आत्तीनं आठ महिने घेतल्या. मला सांगितलं नाही, कारण त्यानंच बजावलं होतं, "औषध दुकानदार नको म्हणणारच." दिवाळीला ती आली तेव्हा मी तिला तपासायला नेलं. मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत गेली होती. थेंब चालू झाले, दाब उतरला, पण डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेली. काचबिंदूत बहुतेक वेळा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, म्हणून कळत नाही. ते आठ महिने थेंब चालू असते तर तिची बरीच नजर राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले.

त्या गोळ्यांत विष नव्हतं. मी डबी बघितली, साधी स्पिरुलिना होती. तिनं आत्तीचे आठ महिने खाल्ले, तेवढं पुरलं.

मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधी व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं गुन्हा आहे. अशी बैठक गावात झाली तर पत्रक जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार द्या.

मधुमेह आहे. ल्युटीन घेतलं तर पडदा वाचेल का?

साखर, रक्तदाब आणि वर्षातून एकदा पडद्याची तपासणी, यांनी वाचेल. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि सुरुवातीला नजर अगदी चांगली असते. ती कमी झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो. मोठ्या वयात मधुमेह निघाला की त्याच महिन्यात डोळे दाखवायचे, कारण साखर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच माहीत नसतं.

मुलाचा चष्म्याचा नंबर वाढतोय. गोळी द्यावी का?

नको. नंबर वाढतो तो डोळ्याचा गोळा लांबट होत गेल्यानं, रंगद्रव्यानं तो आखूड होत नाही. रोज दोन तास उघड्यावर खेळणारी मुलं लघुदृष्टीपासून जास्त सुरक्षित राहतात, हे मात्र चांगलं सिद्ध झालं आहे. क्लास थोडा कमी करून पोराला मैदानावर सोडा. नंबर भराभर वाढत असेल तर कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या थेंबांबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, ते थेंब मी चिठ्ठीशिवाय देत नाही.

दिवसभर संगणकावर बसते. निळ्या उजेडापासून ही गोळी वाचवेल का?

संगणकाच्या पडद्यावरून येणारा निळा उजेड दुपारच्या उन्हापुढं काहीच नाही. तुमचे डोळे दुखतात ते पापण्या लवायच्या विसरल्यानं. टक लावून बघताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते, डोळा कोरडा पडतो, जळजळतो. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघा, मुद्दाम पापण्या मिटा, पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नका. इचलकरंजीच्या मागांवर तुटलेला धागा शोधणाऱ्या कामगारांनाही मी हेच सांगते. चाळिशी लागली असेल तर जवळचा चष्मा लावा. तो टाळून गोळी घेणं म्हणजे डोळ्याला विनाकारण राबवणं.

मग भाजीतून मिळत नाही का हे?

मिळतं, आणि भरपूर. शंभर ग्रॅम पालकात ल्युटीन-झिआझँथिन मिळून बारा मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे अभ्यासातल्या गोळीइतकं. शेवग्याचा पाला, चाकवत, मेथी, राजगिरा, सगळ्या गडद पालेभाज्या या कामाच्या. पिवळ्या मक्याच्या कणसात आणि नारिंगी-पिवळ्या ढबू मिरचीत झिआझँथिन असतं. लाल सुक्या मिरचीतही या कुळातले रंग आहेत, पण म्हणून तांबड्या रश्श्याला डोळ्यांचं औषध समजू नका, तेवढी मिरची पोटाला झेपणार नाही.

भाजी शिजवावी, आणि तेलाची फोडणी असावी. आपल्याकडं पालक-चाकवताचं गरगटं करून वर लसणाची फोडणी ओततात, त्यात शास्त्रीयदृष्ट्या काही बदलायची गरज नाही. तेलाशिवाय हिरवा रस गाळून पिणाऱ्यांना रंगद्रव्य कमी मिळतं, कष्ट जास्त पडतात. आठवड्यात चार दिवस अशी भाजी असेल तर ठणठणीत माणसाला गोळीची गरज मला दिसत नाही.

डबीवर काय बघायचं?

आधी मिलिग्रॅम नीट वाचा. 'ल्युटीन (१० टक्के) ५० मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असतं. यात ल्युटीन ५० नाही, फक्त ५ मिलिग्रॅम आहे. बाकी ४५ तेल आणि भरती. माझ्यासमोर दोन डब्या ठेवून ग्राहक महागडी उचलतात कारण तिच्यावर आकडा मोठा, आणि आत माल निम्मा.

मग चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक, मुदत, आणि 'औषधी वापरासाठी नाही' हे वाक्य. ते वाक्य नियमानंच छापावं लागतं. तेच तुम्हाला सांगतं की हा आहारपूरक पदार्थ आहे, उपचार नव्हे. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं, म्हणून स्पिरुलिना-क्लोरेला घेताना शिसं, पारा, आर्सेनिक आणि शेवाळविष यांची तपासणी झाल्याचा उल्लेख आहे का बघा. सुटी, पिशवीतली पूड मी ठेवतच नाही.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये?

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनच्या गोळीवर असलेल्यांनी क्लोरेला स्वतःच्या मनानं चालू करू नये. त्यात 'के' जीवनसत्त्व असतं आणि रक्त पातळ ठेवण्याचा हिशोब बिघडतो. संधिवाताचा, त्वचेचा किंवा दुसरा कुठला आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, अशांनी स्पिरुलिना टाळावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच घेऊ नये. अभ्यासातल्या मिश्रणात जस्त ८० मिलिग्रॅम होतं, हे रोजच्या गरजेच्या कितीतरी पट आहे, त्यामुळं दोन वेगवेगळ्या डब्या एकत्र चालू करू नका. तळहात पिवळे पडले तर घाबरू नका, रंगद्रव्य जास्त झालंय. पण डोळ्याचा पांढरा भागही पिवळा असेल तर ती कावीळ, लगेच दाखवा.

गच्चीवर स्पिरुलिना पिकवता येईल?

पिकवता येते. खाण्याचा सोडा घातलेलं चांगलंच अल्कधर्मी पाणी, पस्तीस अंशांच्या आतली ऊब, रोज ढवळणं. पण टाकीत दुसरं शेवाळ शिरलं की डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासून घेणार असाल तरच खा.

कोकणात किनाऱ्यावर तपकिरी शेवाळ मिळतं, त्याचं काय?

तपकिरी समुद्री शेवाळात फ्युकोझँथिन नावाचं रंगद्रव्य असतं. डोळ्याच्या बाबतीत त्याचं काम अजून प्राण्यांवर आणि प्रयोगशाळेत आहे. किनाऱ्यावरून गोळा करून आणू नका.

माझा मॅक्युला बरा आहे का, घरी कळेल का?

थोडं कळेल. वाचायचा चष्मा लावा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांसमोर हातभर अंतरावर उभे राहा. एक डोळा तळहातानं झाका आणि मधल्या एका तारखेवर नजर रोखा. मग दुसरा डोळा. रेघ वाकडी दिसली, लाटेसारखी दिसली, किंवा मधले आकडे पुसल्यासारखे झाले, तर त्याच आठवड्यात पडदा दाखवा. एका वेळी एकच डोळा, हे महत्त्वाचं. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो. काचबिंदू मात्र या युक्तीनं कळत नाही.

तपासणी कुठं आणि कशी होते?

सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, नेत्रविभाग आहे. खासगीत परवडत नसेल तर तिथं जा. चाळिशीनंतर एकदा पूर्ण तपासणी करून घ्या: नंबर, दाब आणि थेंब घालून पडदा. आई-वडील किंवा भावंडांत कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या अंतरानं पुन्हा. आत्तीचं कळल्यावर आम्ही तिच्या भावंडांना आणि मुलांना सगळ्यांना नेलं, त्यात माझ्या वडिलांचा दाब वाढलेला निघाला. ते आता रोज रात्री नऊला थेंब घालतात.

जाताना चालू औषधांची चिठ्ठी, जुना चष्मा आणि घेत असाल त्या गोळीची डबी बरोबर ठेवा. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून गॉगल न्या, आणि परत येताना गाडी चालवायला घरातलं कुणीतरी सोबत घ्या.